दोन पात्यांवर गेलेलं शिवार

माझ्या धाकट्या साडूने मला फसवलं. माझ्या ड्रोनचे दोन पात्यांचे सहा लांब पंखे त्याने घेतले, त्याचे तीन पात्यांचे सहा आखूड पंखे मला दिले, आणि माझ्याच पंख्यांवर उडून सासऱ्यांच्या गावच्या अख्ख्या शिवाराची फवारणी माझ्या हातातून काढून घेतली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे माझ्याही चुका येणार आहेत, आणि त्या वाचून कोणी म्हणेल की मग फसवणूक कुठे आहे. आहे. शेवटपर्यंत वाचा.

मी कर्जतला लागून दहिवलीत राहतो. शाळा दहावीपर्यंत. त्यानंतर बरीच वर्षं टेंपोने माथेरानच्या हॉटेलांना भाजी पोचवली. गाडी दस्तुरीपर्यंत, पुढे माल घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. एका बाजूला कर्जतचे शेतकरी, दुसऱ्या बाजूला हॉटेलांचे मॅनेजर, मध्ये मी. दोन्हीकडे घासाघीस. त्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. घेणारा ‘नको’ म्हणाला की त्याला भाव उतरवायचा असतो, आणि देणारा ‘राहू द्या’ म्हणाला की त्याला अजून काहीतरी हवं असतं. खरोखर नको असलेला माणूस बोलत नाही, निघून जातो. हा हिशोब मला कधी खोटा पडला नव्हता. वर एक जुडी, वर दोन लिंबं, हे घेतल्याशिवाय मी कुठलाही सौदा उठवला नाही. माझं घर त्या वरच्या जुड्यांवर उभं आहे असं बायको म्हणते, आणि तिला ते टोमणा म्हणून म्हणायचं असतं.

खालापुरात एकदा शेतकऱ्यांना ड्रोनने फवारणी करून दाखवली होती. पाठीवर पंप घेऊन माणूस अर्धा दिवस चिखल तुडवतो ते काम त्या यंत्राने चहा निवायच्या आत केलं. मी टेंपो विकला. परवान्याचं प्रशिक्षण घेतलं, तिथे सगळ्यात म्हातारा मीच. मग सहा हातांचा, दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन घेतला. हात लांब, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर, मोटरवर दोन पात्यांचा मोठा पंखा. सहापैकी तीन पंखे सुलटे फिरतात, तीन उलटे. दिसायला सारखेच, अदलाबदल झाली की यंत्र उडायच्या ऐवजी कोलांटी खातं. म्हणून सुलट्या तिघांवर मी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. बायको चिडली, बाटली नवीन होती. हे ठिपके लक्षात ठेवा.

साडू खालापुरात राहतो. डिप्लोमा झालेला, एक्सप्रेसवेलगतच्या एका कंपनीत नोकरी. बोलणं मऊ. कधी आवाज चढवत नाही, आणि आवाज न चढवणाऱ्या माणसाचं सगळे ऐकतात, हा काय न्याय आहे मला अजून कळलेलं नाही. मी थोरला जावई. सासऱ्यांच्या घरावर पत्रे बदलायचे होते तेव्हा वर चढलो मी. सासूबाईंना दवाखान्यात नेलं मी, माझ्याच टेंपोत. पण सासऱ्यांना मोबाइलमध्ये काही अडलं की ते म्हणतात, “धाकल्याला इचारू.” तिथे गेलो की मला चहा स्टीलच्या पेल्यात येतो आणि त्याला कपबशीत. मी एकदा बायकोला हे बोलून दाखवलं.

“अहो, तुमाला चहा जास्त लागतो म्हणून पेला देते आई,” ती म्हणाली. “कपात दिला तर दोनदा मागाल.”

असेल. पण बशी बशी असते.

माझ्या ड्रोनला दोन हंगाम झाल्यावर साडूनेही ड्रोन घेतला. सुट्टीच्या दिवशी करीन म्हणाला, हौस म्हणून. माझ्या पोटावर पाय देणारी ती हौस. तेव्हा मी काही बोललो नाही. त्याचं यंत्र माझ्यापेक्षा लहान होतं, हात आखूड, आणि मी मनात म्हटलं, खेळू दे.

मग गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे जेवायला गेलो. त्याने यंत्र अंगणात काढून ठेवलं होतं. मी पाहिलं आणि चप्पल काढायच्या आधी पाती मोजली. त्याच्या प्रत्येक पंख्याला तीन पाती होती.

तीन. माझ्या पंख्याला दोन. काळी कुळकुळीत, देखणी पाती. मला एकदम माझी ती लांब दोन पाती नांगराच्या फाळासारखी गावठी वाटायला लागली. मला वाटलं, बघ, याला काहीतरी कळलं आहे जे आपल्याला दुकानदाराने सांगितलं नाही. डिप्लोमावाल्याला तीन मिळतात आणि आपल्याला दोन.

त्याने यंत्र थोडं उडवून दाखवलं. वाऱ्यात जागच्या जागी, खिळा ठोकल्यासारखं. माझं यंत्र वाऱ्यात जरा डुलायचं. बस. तिथेच मी ठरवलं.

जेवण झाल्यावर त्याच्या पलंगावर बसलो होतो. पाय मागे घेतला तर टाच पलंगाखालच्या एका खोक्याला लागली.

“काय रं हे?”

“काही नाही भावोजी. जुनं सामान.”

मी पुढे विचारलं नाही. माझं मन अंगणात होतं.

“तुझे पंखे मला दे,” मी म्हणालो. “माझे तू घे. मोटरी आपल्या दोघांच्या एकाच जातीच्या, भोकं जुळतील.”

“राहू द्या ना, भावोजी.”

“का रं? माझ्या पंख्यांना काय झालं?”

“काही नाही झालं, चांगले आहेत. म्हणूनच म्हणतो, राहू द्या.”

दोनदा ‘राहू द्या’ म्हणाला. आता मी वर सांगितलेला हिशोब आठवा. माझ्या कानाला ते सरळ ऐकू आलं: याला सोडवत नाहीत, भाव चढवतोय. माझं रक्त तापलं. मी म्हणालो, थोरला साडू तोंडाने मागतोय आणि तू आढेवेढे घेतोस? माझ्या साळीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मान खाली घातली. माझी बायको म्हणाली, “अहो, पुरे.” मी वर एक जास्तीचा पंखाही मागून घेतला, एखादा तुटला तर असावा म्हणून. त्याने तोही दिला. त्याच्या घरातून निघताना मला जे सुख झालं ते टेंपो घेतला त्या दिवशीही झालं नव्हतं. दोन देऊन तीन आणली, आणि वर एक.

घरी येऊन पंखे बसवले. टाकीत दोन लिटर पाणी टाकून मागच्या मोकळ्या जागेत पाच मिनिटं उडवलं. आवाज बदलला होता. आधी धडधड यायची, आता सलग गुणगुण. रिमोटची काडी हलवली की यंत्र लगेच ऐकायचं. वाऱ्यात डुलणं बंद. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “लहान झाल्यासारखं दिसतंय.” मी म्हणालो, तुला काय कळतं. भरलेल्या टाकीने, पूर्ण बॅटरी संपेपर्यंत मी ते एकदाही उडवलं नाही. बाजारात मी पोतं तळापर्यंत हात घालून बघणारा माणूस. इथे फक्त वरचे चार दाणे बघितले, कारण ते साडूच्या हातून काढून घेतलेले होते.

पावसाळ्यात सासऱ्यांच्या गावी भातावर तुडतुडे आले. खालापूर तालुक्यातलं डोंगराच्या पायथ्याचं गाव, खाचरं एकाला एक लागून. एकाने फवारलं आणि शेजाऱ्याने नाही तर किडा बांध ओलांडून परत येतो, म्हणून तिथे सगळं शिवार एकाच हाताने फवारायचं अशी पद्धत. आधी पंपवाल्यांची एक टोळी ठरायची, आता ड्रोन ठरणार होता. ज्याला शिवार मिळेल त्याला ते दर हंगामाला मिळणार, कारण त्या गावात एकदा ठरलेला माणूस सहसा बदलत नाहीत. आणि ठरवणारे आमचे सासरे, कारण गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांना दोन जावई, दोघांकडे ड्रोन. कोणाचंही नाव घेतलं तरी एक मुलगी रडणार. म्हणून ते म्हणाले, दोघंही उडवून दाखवा, गाव ठरवंल.

अट मी घातली. ही गोष्ट मला झोपू देत नाही. बांधावर उभं राहून, सगळ्यांसमोर, मीच म्हणालो, “टाकीत दहा लिटर नुसतं पाणी आणि एक बॅटरी. एका बॅटरीत जो जास्त खाचरं ओली करील त्याचं शिवार.” मला वाटलं, तीन पाती आहेत, जोर दीडपट, काम दीडपट. साडूने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “भावोजी म्हणतात तसं.”

वर मी आणखी एक गोष्ट मागून घेतली. आधी मी उडवणार, मान थोरल्याचा.

“बरोबर हाय,” सासरे म्हणाले. “थोरलं पावणं आदी.”

सकाळ होती, वारा बिलकूल नव्हता. भात पोटरीला आलेलं, लोंबी अजून पोटातच. नारळ मी फोडला. यंत्र उचललं तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भरल्या टाकीने ते जड उठलं. मोटरी ओरडत होत्या. पण उठलं, आणि मी पहिलं खाचर ओलं केलं, दुसरं, तिसरं. चौथ्यात रिमोटवर बॅटरीची खूण लाल झाली. इतक्या लवकर कधी झाली नव्हती. मी ओढत राहिलो. थांबायला पाहिजे होतं, पण बांधावर गाव उभं होतं आणि गावाच्या पुढे साडू, हाताची घडी घालून. पाचव्या खाचराच्या मध्यावर यंत्र आपण होऊन खाली उतरलं आणि भातात, चिखलात, बसलं.

मग एक म्हातारी बाई, सासऱ्यांच्या भावकीतली, तोंडाला पदर लावून म्हणाली, “अगं बाय, जावयाचं इमान आवनीला बसलं!”

सगळा बांध हसला, जणू यंत्र भाताची रोपं लावायलाच चिखलात उतरलं होतं. माझी बायकोसुद्धा हसली. तिने नंतर नाही म्हटलं, पण मी पाहिलं होतं.

“लावा, लावा पावनं,” मागून कोणीतरी म्हणालं, “चार काड्या लावूनच या.”

मी गुडघाभर चिखलात उतरून यंत्र डोक्यावर घेऊन बांधावर आलो. मोटरींना हात लावला तर चटका बसला. तेवढ्यात साडूने त्याच्या गाडीतून त्याचं यंत्र काढलं. ते जुनं नव्हतं. नवा सांगाडा, लांब हातांचा, अगदी माझ्यासारखा. त्यावर दोन पात्यांचे सहा पंखे. आणि तीन पंख्यांवर लाल ठिपके.

माझ्या बायकोचं नेलपॉलिश.

त्याने उचललं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. तोपर्यंत वारा सुटला होता, आणि यंत्र डुलायला लागलं. पाण्याचे तुषार बांधापलीकडे उडायला लागले. मी ओरडलो, “बघा, बघा, हलतंय! औषध शेजारच्याच्या भातात जाईल!”

“पानीच हाय रं,” सासरे म्हणाले. “आन् शेजारचा बी आपलाच हाय.”

पाचवं, सहावं, सातवं. सातव्याच्या कडेला त्याने ते सावकाश वळवून बांधावर, स्वतःच्या पायाशी उतरवलं. टाळ्या वाजल्या. मी माझी पाती फिरायची थांबताना बघत होतो. दुसऱ्याच्या हातात आपली वस्तू आपल्यापेक्षा चांगली चालताना बघणं काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी चहा घ्या आदी. चिखुल लागलाय.”

पेल्यातच आला.

चार दिवसांनी मी खालापूरला गेलो आणि त्याला कचेरीजवळच्या चहाच्या टपरीवर गाठलं. बसलोसुद्धा नाही.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय, भावोजी?”

“दोन आणि तीनमधला फरक.”

तो टपरीच्या फळीवर सांडलेल्या चहात बोटाने गोल काढून मला समजावायला लागला, जसं शाळेत मास्तर समजावतात. एक पातं हवा ढवळून पुढे गेलं की मागचं पातं त्याच ढवळलेल्या हवेत येतं. पाती जितकी जास्त, तितकी ती एकमेकांच्या मागे लवकर येतात, आणि प्रत्येक पात्याला हवेची वेगळी ओढ. म्हणून तितकंच वजन उचलायला मोटर जास्त वीज खाते आणि बॅटरी लवकर बसते. दोन लांब पाती मोठ्या घेरातली हवा सावकाश खाली ढकलतात, त्यात सगळ्यात कमी खर्च.

“मग तू तीन का लावली होतीस?”

“माझ्या जुन्या यंत्राचे हात आखूड होते. लांब पाती लावली असती तर शेजारच्या पंख्याला आपटली असती. लांबी वाढवता येत नाही तेव्हा पाती वाढवायची. त्याने जोर मिळतो, वाऱ्यात पकडही मिळते, पण वेळ जातो. तुमच्या यंत्राला लांब हात होते, भावोजी. तुम्हाला तिसऱ्या पात्याची गरजच नव्हती.”

मला ते लगेच कळलं, हेच वाईट. चिंचोळ्या खाचरात दोन बायकांनी आवणी केली तर रांगा सरळ जातात. तिसरी घुसवली तर तिघी एकमेकींच्या पायाखालचा चिखल ढवळत बसतात. हे मला कोणीही दोन वाक्यांत सांगितलं असतं तर कळलं असतं.

“हे तू तेव्हा का नाही बोललास?”

“मी दोनदा म्हणालो, राहू द्या.”

“राहू द्या म्हणजे सांगणं झालं?”

“तुम्ही ऐकून घेत नव्हता. साळीसमोर, बायकोसमोर ओरडत होता.”

“आणि तो लांब हातांचा सांगाडा?”

“तो नंतर घेतला. तुमचे पंखे हाताशी आले, मग म्हटलं त्यांना शोभेल असं यंत्र बांधावं.”

मी त्याच्या हातातला चहा उडवला नाही. उडवायला पाहिजे होता. परत आलो, नवे दोन पात्यांचे पंखे आणले आणि घड्याळ लावून सगळं स्वतः तपासलं. तो बोलला ते शब्दनशब्द खरं निघालं. मोकळ्या हवेत, भरल्या टाकीने, लांब दोन पाती दरवेळी जास्त वेळ वर राहिली. तीन पात्यांना डोंगराकडच्या वाऱ्यात मान दिला पाहिजे, तिथे ती खरंच सरस आहेत. आज तालुक्यात कोणीही नवा ड्रोनवाला आला की मला विचारतो, आणि मी आधी त्याच्या यंत्राचे हात मोजतो, मग सांगतो. फुकट सांगतो. मी, ज्याने आयुष्यात कोथिंबिरीची काडी फुकट दिली नाही.

तरी मी गप्प बसलो असतो. माझी अट, माझा हट्ट, माझं ओरडणं, सगळं मी मान्य केलं होतं. पण गौरी-गणपतीला दोघी बहिणी एकत्र बसल्या होत्या, मी बाहेर पडवीत. साळी हसत हसत माझ्या बायकोला म्हणाली, “ताई, त्या दिवशी तुमी जेवायला आलेलात ना, मला किती भ्या वाटत होतं. भावोजी बसले होते त्याच पलंगाखाली यांच्या नव्या ड्रोनच्या सांगाड्याचा खोका. आदल्याच दिवशी आलेला. मला म्हणाले, भावोजींना कळू देऊ नको, उगाच जळतील.”

जळतील.

म्हणजे मी त्या खोक्यावर बसलो होतो. माझी टाच त्याला लागली होती. मी विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, जुनं सामान. लांब हातांचा सांगाडा घरात आलेला, त्याला लागणारे लांब पंखे माझ्याकडे, आणि मी स्वतःच्या तोंडाने ते त्याला देत होतो. मग ते ‘राहू द्या’ काय होतं? मला थांबवायला होतं की मला आणखी पुढे ढकलायला? मी कसा माणूस आहे हे त्याला इतक्या वर्षांत माहीत होतं. मला ‘घ्या’ म्हटलं असतं तर मी संशयाने घेतलं नसतं.

बायको म्हणते, सोडून द्या. म्हणते, तुम्हाला पंख्यांचं दुःख नाही, शिवाराचंही नाही, तुम्हाला कपबशीचं दुःख आहे. असेना का. पण मी अनोळखी माणसाला जे दोन वाक्यांत सांगतो ते त्याने सख्ख्या साडूला सांगितलं नाही, आणि टपरीवर ‘सांगाडा नंतर घेतला’ असं माझ्या डोळ्यात बघून खोटं बोलला.

दिवाळीला आम्ही सगळे सासऱ्यांकडे जमणार आहोत. मी तिथे ओरडणार नाही, कोणाच्या घरात सण आहे हे मला कळतं. मी फक्त ओटीवर, सासऱ्यांसमोर, दोघी बहिणींसमोर आणि त्या हसणाऱ्या म्हातारीलाही बोलावून, साडूला एकदाच विचारणार आहे. मी पलंगावर बसलो होतो तेव्हा माझ्या टाचेखालच्या खोक्यात काय होतं? ते तू मला का सांगितलं नाहीस? शिवार ठेव, पंखे ठेव, बशीसुद्धा ठेव. पण उत्तर मला तुझ्या तोंडून, तिथेच, सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात पाहिजे. या वेळी ‘राहू द्या’ चालणार नाही.